संसार, मैदान आणि मनाचा वैद्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेसाठी आमच्याकडे विषय विचारण्यात आला तेव्हा आम्ही 'मानसोपचारतज्ज्ञाचे काम' एवढेच लिहून पाठवले. पत्रक निघाले त्याच संध्याकाळी मंडळातल्या एका जुन्या स्नेह्यांचा दूरध्वनी आला. आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "घरी सगळे कुशल आहे ना?" आज येथे बोलायला उभे राहण्याचे निम्मे कारण त्या खाली आणलेल्या आवाजात आहे. उरलेले निम्मे आमच्या घरचे आहे, आणि ते सांगण्यास सौभाग्यवतींची संमती घेतलेली आहे. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आम्ही कुठे पदरचे घालू लागलो तर त्यांनी खाकरायचे, असे ठरले आहे.

आम्ही वैद्य नव्हे. कला शाखेची साधी पदवी आणि केंद्र सरकारच्या सेवेतली तीस-बत्तीस वर्षे एवढीच आमची पुंजी. तेव्हा जे सांगणार ते काही वाचलेले आणि काही अंगावरून गेलेले, असे समजून घ्यावे.

याच्या आधीच्या नेमणुकीच्या गावची गोष्ट. चिरंजीव त्या वेळी सोळा वर्षांचे होते आणि बॅडमिंटन बरे खेळत. सरावात त्यांची आखूड सर्व्हिस जाळीवरून बोटभर अंतर राखून जाई. शंभरातली पंच्याण्णव तरी अचूक. पण सामन्यात गुणफलक अठराच्या पुढे सरकला की हात आखडे आणि फूल जाळीत जाई. एका हंगामात लागोपाठ तीन स्पर्धा अशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मुलगा न जेवता खोलीत गेला आणि आम्हां उभयतांची जुंपली. "तुम्ही गॅलरीत कपाळाला आठ्या घालून बसता, मग त्याचा हात कापेल नाही तर काय होईल?" हा एक पक्ष. "तू त्याला कधी हरायची सवय लागू दिलीस का?" हा दुसरा. बोलता बोलता सर्व्हिस मागे पडली. सांगलीची सोडून द्यावी लागलेली शाळेची नोकरी निघाली, आमच्या आईच्या अखेरच्या दुखण्यात वेळेवर न पोहोचल्याचा सल निघाला, मागच्या तीन बदल्या निघाल्या. रात्रीचा एक वाजला. क्वार्टरच्या भिंती किती पातळ असतात हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

मुलाच्या प्रशिक्षकांनी एका मानसोपचारतज्ज्ञांचे नाव सुचवले. आमच्या एका नातलगांनी फोनवर बजावले, "वाटेल ते करा, पण तिकडे जाऊ नका, उद्या पोराचे लग्न जमायचे नाही." आम्ही गेलो, मात्र गाडी दोन गल्ल्या अलीकडे उभी करून. डॉक्टर त्याच प्रांतातले, पन्नाशी उलटलेले. अर्धा तास मुलाशी एकट्याशी बोलले. मग त्याला बाहेर बसवून त्यांनी आम्हां दोघांना एकच प्रश्न घातला आणि उत्तर वेगवेगळ्या कागदांवर लिहायला सांगितले: "मुलगा सर्व्हिसला उभा राहतो त्या क्षणी तुमच्या मनात काय येते?" आम्ही लिहिले, 'आता हा पुन्हा घालवणार.' सौभाग्यवतींनी लिहिले, 'आता घरी गेल्यावर यांचे तोंड कसे पाहायचे.' डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "साहेब, मुलगा गॅलरीकडे पाहतो तेव्हा त्याला प्रेक्षक दिसत नाहीत. आज रात्री घरी होणारे भांडण दिसते. पुढच्या बुधवारी त्याला आणू नका. तुम्ही दोघेच या."

त्या बुधवारापासून आम्ही सात वेळा गेलो. पुढे थोडा परिचय झाल्यावर कळले की त्यांची उमेदवारी सरकारी मनोरुग्णालयात झाली होती, पण गेली वीस वर्षे त्यांच्याकडे मुख्यत्वे दोन तऱ्हेची माणसे येत होती: न पटणारी जोडपी आणि सामन्यात ढेपाळणारे खेळाडू. ही विचित्र सांगड कशी पडली असे आम्ही विचारले. त्यांचे म्हणणे असे की दोघांचे दुखणे एकाच जातीचे आहे. खेळाडूला जे सरावात येते ते चार माणसांसमोर येत नाही. नवऱ्याला दिवसभर कचेरीत परक्या माणसांशी जे सौजन्याने बोलता येते, ते नेमके बायकोशी येत नाही. कौशल्य अंगी आहे. पण जिथे जीव अडकलेला आहे तिथेच ते पळून जाते. वेड वगैरे काही नाही.

ही गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आणि आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वेड्यांचा डॉक्टर ही समजूत काही केवळ आपल्याकडची नव्हे. युरोप-अमेरिकेतही या विद्येचा जन्म उंच भिंतींच्या आतच झाला. ती बाहेर पडून नवरा-बायकोच्या बैठकीत आली ती प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतर. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधले डॉ. हेन्री डिक्स हे तिच्या अध्वर्यूंपैकी एक. युद्धकाळात नाझी पुढारी रुडॉल्फ हेस ब्रिटिशांच्या कैदेत होता, तेव्हा त्याच्या मनाची देखरेख ज्या डॉक्टरांकडे होती त्यांत डिक्स होते. असा माणूस पुढे या प्रश्नाकडे वळला की चांगली, सभ्य, शिकलेली दोन माणसे एका छपराखाली एकमेकांची वैरी का होतात! १९६७ साली त्यांचा वैवाहिक ताणांवरचा ग्रंथ निघाला. आपल्यातला जो भाग आपल्याला सोसत नाही तो आपण जोडीदाराच्या अंगावर टाकतो आणि मग तिथे त्याच्याशी भांडतो, असा त्यांचा एक सिद्धांत आहे. हळवेपणाची लाज वाटणारा पुरुष बायकोला 'रडकी' म्हणतो, हे उदाहरण आमचे. आणि ते आम्हांला दूर शोधावे लागले नाही.

पण आमच्यासारख्या सामान्य वाचकाला खरा उपयोग झाला तो अमेरिकेतल्या डॉ. एरन बेक यांचा. जन्म १९२१, मृत्यू २०२१. शंभर वर्षांचे आयुष्य या गृहस्थांना लाभले. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते. सुरुवातीला ते फ्रॉइडच्या परंपरेतले. रोग्याला पलंगावर आडवे करून मनात येईल ते बोलू द्यायचे, ही त्यांची पद्धत. एकदा एक बाई अशाच बोलत असता अस्वस्थ दिसल्या. बेक यांनी खोदून विचारले तेव्हा निघाले निराळेच. बाई तोंडाने एक सांगत होत्या आणि त्याच वेळी मनात दुसरा प्रवाह चालू होता: 'डॉक्टरांना माझा कंटाळा येतो आहे.' हा आतला प्रवाह त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता. तो बोलण्याजोगा आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. बेक यांनी या आपोआप उमटणाऱ्या विचारांचा पाठपुरावा केला आणि त्यातून एक संपूर्ण उपचारपद्धती उभी राहिली. आधी ती खिन्नतेच्या विकारासाठी वापरली गेली. १९८८ साली त्यांनी तीच पती-पत्नींच्या संबंधांना लावून दाखवणारे पुस्तक लिहिले. नुसत्या प्रेमाने भागत नाही, असा त्याच्या नावाचा आशय. (त्यांच्या पत्नी न्यायाधीश होत्या. मनाचा वैद्य आणि न्यायाधीश एका घरात, म्हणजे भांडणाचा निकाल कोण देत असेल, असा प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.)

बेक यांचे सांगणे थोडक्यात असे. नवरा कचेरीतून येऊन नुसते 'हं' म्हणतो. बायकोच्या मनात तत्क्षणी उमटते, 'यांना माझी किंमत नाही.' वस्तुतः ऐकू आले ते एक अक्षर. बाकीचे वाक्य तिच्या मनाने रचले. पण ते इतक्या झटक्यात रचले गेले की ते रचलेले आहे असे तिला वाटतच नाही. ते तिला दिसलेले सत्य वाटते. मग ती भांडी आपटते. ती ऐकून नवऱ्याच्या मनात उमटते, 'घरात पाऊल टाकले की सुरुवात!' आता दोघेही एकमेकांशी बोलत नसून आपापल्या मनातल्या वाक्याशी बोलत असतात. दुसऱ्याचे मन आपल्याला वाचता येते हा भ्रम जितका लग्न जुने तितका घट्ट, असे आमचे मत आहे. वीस वर्षांच्या सहवासानंतर विचारायचे कशाला, सगळे ठाऊकच आहे, अशी आपली खात्री असते.

उपाय दिसायला अगदी पोरकट आहे. राग आला की तो विचार शब्दशः कागदावर उतरवायचा. त्याच्या बाजूने काय पुरावा आहे, विरुद्ध काय आहे, या प्रसंगाचा आणखी कोणता अर्थ लागू शकेल, हे खाली मांडायचे. आणि शेवटी जोडीदाराला सरळ विचारायचे. आम्ही जन्मभर फायलींवर हेच केले: तक्रार, पुरावा, दुसरी बाजू, मग टिपण. घरच्या बाबतीत मात्र एकतर्फी निकाल देत आलो, हे वही हातात घेतल्यावर लक्षात आले. डॉक्टरांनी आम्हां दोघांना दोन वह्या करायला लावल्या होत्या. शिवाय आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाची बैठक: दहा मिनिटे एकाने बोलायचे, दुसऱ्याने मध्ये तोंड न घालता ऐकायचे, आणि ऐकले ते आपल्या शब्दांत परत सांगून 'बरोबर का?' असे विचारायचे. पहिल्या बैठकीत आम्ही चौथ्या मिनिटाला तोंड घातले. (खाकरण्याचा आवाज आला. दुसऱ्या मिनिटाला.)

त्या बैठकांतूनच आम्हांला पहिल्यांदा कळले की सांगलीची नोकरी सुटल्याचे दुःख पगाराचे नव्हते. "त्या गावात मला लोक माझ्या नावाने ओळखत. इथे मी मिसेस अमुक आहे," असे त्या म्हणाल्या. अठरा वर्षे आम्ही त्यांच्या रागाचा अर्थ पैशाशी लावत आलो होतो आणि दर वाढीव हप्त्याला साडी आणत होतो.

आता मैदानाकडे वळू. या बाजूला सर्वांत गाजलेले नाव इंग्लंडच्या डॉ. स्टीव्ह पीटर्स यांचे. हे गृहस्थ आधी गणिताचे शिक्षक, मग डॉक्टर झाले. गंभीर गुन्हे केलेल्या मनोरुग्णांना जेथे ठेवतात त्या रॅम्प्टनच्या रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे काढली. २००१ च्या सुमारास ब्रिटनच्या सायकलपटूंच्या संघाने त्यांना बोलावले. तिथे ख्रिस हॉय नावाचा एक खेळाडू होता. त्याची शर्यत एक किलोमीटरची. एकट्याने धावायचे, घड्याळ हाच प्रतिस्पर्धी. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या आधी पीटर्स यांनी त्याला विचारले, तुझ्या अगोदर उतरलेल्याने विक्रम मोडला तर तू काय करशील? हॉयजवळ धड उत्तर नव्हते. अधिक जोरात जाईन, एवढेच. तेव्हा पीटर्स यांनी त्याला काम लावून दिले. दुसऱ्याच्या वेळेचा विचार मनात आला रे आला की त्या जागी स्वतःच्या धावेचे चित्र, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, उभे करायचे. हे दिवसचे दिवस घोटायचे.

अथेन्सला तसेच घडले. हॉय जगज्जेता म्हणून सर्वांत शेवटी उतरणार होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकामागून एक उच्चांक कोसळत गेले. फ्रान्सच्या आर्नो तूर्नांने तर १ मिनिट ०.८९६ सेकंदांत अंतर कापले. हॉय उतरला आणि १ मिनिट ०.७११ सेकंदांत आला. डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढ्या अंतराने सुवर्णपदक. त्याच्या एकूण सहा ऑलिंपिक सुवर्णांतले ते पहिले.

पीटर्स यांनी आपली रीत २०१२ साली एका पुस्तकात मांडली. आपल्या डोक्यात एक विचार करणारा माणूस आणि एक चिंपांझी राहतो, असे ते रूपक करतात. वानर माणसापेक्षा बलवान आणि चपळ. त्याच्याशी कुस्ती खेळून निभाव लागत नाही. त्याला आधी ओरडू द्यावे, दमू द्यावे, मग समजवावे, आणि पुष्कळशी उत्तरे आधीच घोटून ठेवावीत, म्हणजे ऐन वेळी ती वानराच्याही आधी हजर होतात. मेंदू काही असा दोन खोल्यांत विभागलेला नाही, हे रूपक आहे, हे त्यांनाही मान्य आहे. मनाला माकडाची उपमा देण्याची आपल्याकडची चाल जुनी असल्याने आम्हांला ते चटकन पटले, इतकेच.

मात्र ही जादू नव्हे. २०१४ च्या विश्वचषकासाठी हेच पीटर्स इंग्लंडच्या फुटबॉल संघाबरोबर ब्राझीलला गेले होते. इटली आणि उरुग्वेकडून पराभव, कोस्टा रिकाशी बरोबरी, आणि संघ पहिल्याच फेरीत परत. मनाची तयारी झाली म्हणून समोरचा गोल द्यायचा थांबत नाही. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. कारण मुलाला चार वेळा डॉक्टरांकडे नेले म्हणजे पदक यायलाच हवे, असे मानणारे पालक आम्ही पाहिले आहेत. काही काळ आरशातही पाहिले आहेत.

आपल्या महाराष्ट्राने या क्षेत्रात दिलेला एक माणूस सांगितल्यावाचून राहवत नाही. नाशिकचे कै. भीष्मराज बाम. हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत. भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी. निवृत्तीनंतर विश्रांती घेण्याऐवजी त्यांनी योगशास्त्रातली एकाग्रता खेळाडूंना शिकवायला घेतली. सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचलेल्या नेमबाज अंजली भागवत त्यांच्याकडे शिकल्या. २०१७ मध्ये ते गेले. सरकारी नोकरीतल्या माणसाला साठीनंतर दुसरे आयुष्य असू शकते, हे पाहून आम्हांला धीर येतो. पण तो निराळा विषय.

असो. हे सारे येथे, या सभागृहात, का सांगायचे? गावी असतो तर कदाचित सांगितले नसते. तिथे नवरा-बायकोचे वाजले की थोरली काकू काही ना काही निमित्त काढून घरात येई. तिचे शहाणपण फार थोर असे असे नव्हे. पुष्कळदा ती सुनेलाच गप्प बसवी, आणि त्या 'जुन्या सोन्या'चे गोडवे आम्ही गाणार नाही. पण मध्ये तिसरे माणूस आले म्हणजे भांडणाला खंड पडे. आपल्याकडे तिसरे माणूस नाही. दर तीन-चार वर्षांनी नवे गाव, नवी भाषा, बंद दार आणि आत दोघे. गावी फोन करायचा तर 'सगळे मजेत' एवढेच सांगायचे, कारण म्हाताऱ्या माणसांना काळजी नको. आणि मंडळात? गणेशोत्सवात आपण सारे जरीकाठ आणि झब्बे घालून जोडीने फोटो काढून घेतो. या पन्नास वर्षांत या सभागृहात नाटके झाली, हळदीकुंकू झाले, वधूवर मेळावे झाले. पण लग्न जमवून दिल्यावर ते निभवायचे कसे, यावर आपण एक शब्द बोललो नाही. आमच्या परिचयाच्या दोन संसारांचा शेवट आम्हांला तिसऱ्याकडून कळला. त्यांतले एक जोडपे त्याच वर्षी आमच्या पंगतीला शेजारी बसले होते.

भारतात या बाबतीत अगदीच अंधार होता असे नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रोग्याच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून रोग्याबरोबर राहू दिले. घरच्यांना वगळून मन बरे करता येत नाही, हे त्यांनी जगाच्या फार आधी ओळखले. बंगळूरच्या निम्हान्समध्ये कुटुंबांसाठी स्वतंत्र विभाग आहे. आमच्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था मनाच्या आरोग्याचा विषय चारचौघांत बोलायला शिकवते आहे.

नोकरदार बांधवांच्या मनातली एक शंका आम्ही जाणतो: नोंद होईल का, बढतीच्या वेळी कुणी बोट दाखवील का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत, आणि गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण डॉक्टरांनी ती आम्हांला पहिल्याच दिवशी विचारली होती. त्यांनी सौभाग्यवतींना एकटीला आत बोलावून विचारले, "हे हात उगारतात का?" जिथे मारहाण आहे, जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते, तिथे दोघांना समोरासमोर बसवून मन मोकळे करायला सांगणे धोक्याचे ठरते, खोलीत बोललेल्याचा सूड घरी घेतला जातो. तिथे आधी त्या बाईची सुरक्षितता, त्यासाठी २००५ चा कायदा, आणि वही-बिही नंतर. आमच्या भगिनींपैकी कुणाला हे लागू असेल तर त्यांनी मंडळाच्या अब्रूचा विचार करू नये.

चिरंजीवांचे काय झाले, असे कुणी विचारील. ते विजेते वगैरे झाले नाहीत. डॉक्टरांनी त्यांना सर्व्हिसपूर्वीचा एक क्रम बसवून दिला: पाय, श्वास, फुलाकडे नजर, मग फटका, गॅलरी त्यात नाही. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत आम्ही उभयता सामना पाहायला गेलो. दोन गेम एकएक झाले. तिसऱ्यात अठरा-अठरा. सर्व्हिस त्याची. फूल जाळीत गेले.

आमच्या कपाळाला आठी पडली असणार, कारण शेजारून डबा पुढे आला. "अहो, चकली घ्या," असे सौभाग्यवती म्हणाल्या. आम्ही घेतली. पुढचा गुण त्याने ओढून काढला, एकोणीस-एकोणीस झाले, आणि त्यानंतरची सर्व्हिस जाळीवरून बोटभर अंतर राखून पार गेली. सामना तो एकोणीस-एकवीस असा हरला. रिक्षात बसल्यावर त्याने पहिला प्रश्न केला तो चकली उरली आहे का, हा.